जिथे पूर्वी दोन्या एर्सिलिया

मानाग्वा, ६ फेब्रुवारी

प्रिय मार्लेने,

हे पत्र ऑफिसच्या थैलीतून, ओकोतालच्या बसनं येतंय. सिस्टीम असताना कागद कशाला, असं विचारशील म्हणून आधीच सांगते. बाल्तोदानोसाहेबांनी सगळ्या शाखांना जोडणारी सिस्टीम आणली खरी, पण तिच्यातून जाणारं अक्षर न् अक्षर ते स्वतः वाचतात. आपल्या दोघी मावसबहिणींच्या गप्पा त्यांनी कशाला वाचायच्या?

बातमी अशी, की साच्यांचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तुला माहीतच आहे, आपली संस्था घरोघर नर्स पाठवते, पण प्रत्येक शाखा पत्रं मात्र आपापल्या मर्जीनं लिहिते. हुईगाल्पावाले रक्तदाब तपासणीचं बोलावणं असं लिहितात की वाचूनच रक्तदाब चढावा. आता पत्र एकदाच तयार करायचं, सिस्टीममध्ये ठेवायचं, आणि ज्याला लागेल त्यानं ते उघडून नाव, पत्ता, तारीख भरायची. बाकी मजकुराला हात लावायचा नाही. म्हणजे मी लिहीन ते अख्ख्या देशात जाणार. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग जरा शुद्ध लिही."

गाडी अडलीय ती पत्त्यावर. सिस्टीमबरोबर जो साचा आला त्यात रस्त्याचं नाव हवं, घराचा नंबर हवा, नाहीतर तो पुढंच सरकत नाही. मानाग्वात घराला नंबर विचारणारा माणूस एक तर परदेशी नाहीतर वसुलीवाला. म्हणून मी ते सगळं काढून तीन रकाने केले: खूण कोणती, किती चौक, आणि कुठल्या अंगाला – तळ्याकडे, डोंगराकडे, वर म्हणजे उगवतीला, की खाली म्हणजे मावळतीला. आता खुणांची यादी करतेय आणि मला दुसरं काही सुचत नाही. एका बाईचा पत्ता 'घड्याळापासून दोन चौक वर'. कुठलं घड्याळ? तिला ठाऊक नाही, तिच्या आईलाही नाही. पण नर्स बरोबर पोचते! आहे की नाही गंमत? तुमच्याकडं लोक पत्ता कसा सांगतात ते सविस्तर कळव.

तुझा नियम मी पाळतेय. त्या घराबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर नाही.

तुझी,
इलेआना


ओकोताल, ११ फेब्रुवारी

इलेआना,

लहानपणी तू कोंबडीला विचारायचीस, अंडं घालताना दुखतं का म्हणून. तशीच राहिलीस.

इथं गाव लहान. पार्कपासून, नदीपासून, आणि एका ठिकाणी 'घोडी पडली तिथून'. घोडी माझ्या सासऱ्याच्या काकांची होती. तिचं पुढं काय झालं ते विचारू नकोस, मला ठाऊक नाही. सकाळी अजून थंडी असते. एवेनोरचा ट्रक दुरुस्तीला लागलाय, त्यामुळं नवरा घरी आहे आणि घर त्याच्या पायात येतंय.

नियमाचा विषय तू काढलास म्हणून एकदाच लिहिते. तुला वाटतं मी दगड आहे. तू त्या दिवशी ओट्यावर नव्हतीस. मी एवेनोरला घेऊन गेले, शनिवार होता, नाकातामाल तयार असल्याचा लाल दिवा दारावर लागलेला, मक्याच्या पिठाची ती पुडकी घ्यायला अर्धी वस्ती 'दोन्या एर्सिलिया, दोन्या एर्सिलिया' करत उभी. मी म्हटलं, "आई, आम्ही लग्न केलं." तिनं वर बघितलं नाही. मदतीच्या बाईला म्हणाली, "या गिऱ्हाइकाला एक दे." मी हसले, मला वाटलं चेष्टा करतेय. तिनं केळीच्या पानातलं ते गरम पुडकं माझ्या हातात ठेवलं आणि हात पुढं करून पैसे मागितले. घटस्फोटित माणूस, त्यात ट्रक चालवणारा, म्हणून. सगळ्यांच्या देखत. मी पैसे दिले.

त्यानंतर कुणी 'मावशीला खोकला आहे' म्हटलं तरी माझी रात्र जायची. रागही करायचा आणि काळजीही, हे मला झेपेना. म्हणून नियम. काहीच कळलं नाही की निदान रागाशी प्रामाणिक राहता येतं. तू मोडलास तर पत्रं न उघडता परत पाठवीन.

साचे झाले की कळव.

मार्लेने


मानाग्वा, ३ मार्च

प्रिय मार्लेने,

झालं! साचे सिस्टीममध्ये चढले. बोलावण्याचं पत्र, औषधांची आठवण, घरभेट, पेशंट दुसऱ्या शाखेकडं सोपवायचं बदलीचं पत्र, सगळं आहे. यादी उघड, हवा तो उचल, रकाने भर, छाप. इतकं सोपं की बाल्तोदानोसाहेबांनाही जमलं, आणि त्यांना चष्म्याची डबीसुद्धा उघडून द्यावी लागते.

पत्त्याचं कोडं शेवटी कसं सोडवलं ते ऐक. आपल्या नव्या नर्सबाई चिनांदेगाच्या. साच्यात आलं, 'थिएटरपासून एक चौक तळ्याकडे'. बाई भर उन्हात तासभर थिएटर शोधत फिरल्या. ते भूकंपातच गेलं, हे मानाग्वात शेंबड्या पोरालाही माहीत, पण चिनांदेगाच्या माणसाला कोण सांगणार? मग मी खुणांची यादी पुन्हा काढून बसले. झाड तोडलं. कारखाना बंद. दंतवैद्य मायामीला. बघावं ती खूण गेलेली! आपण सगळे आता नसलेल्या गोष्टींच्या शेजारी राहतो, हे तुझ्या कधी लक्षात आलं होतं? मग दर वेळी 'पूर्वी' लिहायचं कशाला? मी ते साच्यातच कायमचं घालून टाकलं: 'जिथे पूर्वी' अमुक, 'तिथून' इतके चौक, तमुक अंगाला. भरणाऱ्याला विसरायची सोयच ठेवली नाही. साहेब म्हणाले, "इलेआना, तुमचं डोकं चालतं." मी दिवसभर जमिनीवर नव्हते.

आता तू वापरून बघ. मानाग्वात राहणारा एखादा पेशंट तुमच्याकडं असेल, त्याला बदलीचं पत्र काढ आणि काही चुकलं तर स्पष्ट सांग. तू सोडून बाकी सगळे मला 'छान झालंय' म्हणतात, त्याचा उपयोग नाही.

इलेआना


ओकोताल, १२ मार्च

इलेआना,

तू सांगितलंस म्हणून मी बदलीचं पत्र काढलं. कास्तुलो नावाचे म्हातारे लेकीकडं राहून मानाग्वाला परत निघालेत, तुमच्याच वस्तीत. खुणांच्या यादीतून त्यांची खूण निवडली. कागद बाहेर आला. 'जिथे पूर्वी दोन्या एर्सिलिया, तिथून एक चौक तळ्याकडे, अर्धा वर.'

ती ते घर सोडून जाणाऱ्यातली नव्हती. तिला उचलूनच न्यावं लागलं असणार.

केव्हा गेली ते मी विचारणार नाही, असं आधी ठरवलं होतं. नियम मी केला आणि तू पाळलास, तुझी चूक नाही. पण पोरी, एवढ्या एका गोष्टीसाठी तो मोडायला हवा होतास. मी न उघडता परत पाठवलं असतं तरी तू पाठवायला हवं होतंस.

ती किती दिवस आजारी होती? तिला आंघोळ कुणी घातली? नऊ दिवसांची प्रार्थना तुझ्या आईनं केली का? तिनं शेवटी काही म्हटलं असेल आणि त्यात माझं नाव नसेल, तर तेही सांग. मला आता सगळं ऐकायचं आहे. तारीख कळव, इथं चर्चमध्ये तिच्या नावानं मिस्सा म्हणवून घ्यायचा आहे.

काळे कपडे घातलेत. ऑफिसात कुणी विचारलं, तर मी 'नात्यातलं' म्हणाले. 'आई' म्हणायला जीभ वळेना. मला कुठल्या तोंडानं तसं म्हणता येणार होतं?

साच्यात चूक काही नाही. कास्तुलोंचं पत्र गेलं.

मार्लेने


मानाग्वा, १४ मार्च

मार्लेने, माझ्या मार्लेने,

पत्र वाचलं आणि तशीच फोनकडं धावले. मी एवढंच म्हणाले, "अगं ती जिवंत आहे, आज सकाळी कोंबड्यांवर ओरडत होती." तू फोन आपटलास. पुन्हा लावला तर एवेनोर म्हणाला, परसात गेलीय आणि दार आतून लावलंय. म्हणून हे लिहितेय, थैली निघायच्या आत.

मूर्ख मी आहे. खुणांच्या यादीत मावशीचं घर मीच घातलं. वस्तीतला अर्धा भाग तिच्याच घरापासून पत्ता सांगतो, दुसरी खूणच नाही. आणि 'जिथे पूर्वी' साच्यात पक्कं बसलेलं. ज्या खुणा गेल्या त्यांच्यासाठी केलं आणि जी एक खूण टुणटुणीत आहे तिला मी जिवंतपणी मारून बसले. डोक्यातसुद्धा आलं नाही. मला क्षमा कर.

आता तुझा नियम मी मोडणार आहे. परत पाठवायचं तर पाठव.

तुझ्या एकटीचा गैरसमज झाला नाही. तिच्या घराजवळच्या रक्तदाब शिबिराचं बोलावणं त्याच साच्यातून तिच्या दूरदूरच्या जुन्या गिऱ्हाइकांना गेलं. गेल्या आठवड्यापासून मावशीच्या ओट्यावर माणसं यायला लागली, का ते मला तुझं पत्र वाचल्यावर कळलं. कुणी कॉफी घेऊन, कुणी साखर, कुणी पाव. एक म्हातारा मयताजवळ रात्रभर जागायचं म्हणून खेळायचे पत्ते घेऊन आला. दार मावशी उघडायची आणि तो किंचाळायचा. शेजारचा ओस्वाल्दो म्हणतो, इतकी करमणूक वस्तीत जत्रेलाही होत नाही. गेल्या शनिवारी मात्र निम्मे नाकातामाल उरले. मेलेल्या बाईच्या हातचं कोण खाणार? मावशीनं पातेलं उरलेलं बघितलं आणि ते तिच्या जिव्हारी लागलं.

आज दुपारी ती ऑफिसात आली. तिच्याच नावाचा फुलांचा हार दंडाला अडकवून. बाल्तोदानोसाहेब लगबगीनं उठले. "बसा दोन्या एर्सिलिया, काय सेवा करू?"

"मला जिवंत करा," मावशी म्हणाली. "कुठल्या मेल्यानं मला मारलं ते सांगा, आणि तुमच्या त्या यंत्रातून मला बाहेर काढा. उद्याची केळीची पानं भिजत घालायची आहेत."

साहेबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. ती मला तिथल्या तिथं मारेल असं वाटलं. मी तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. तुझं पत्र आलं हेही सांगितलं.

तिनं हार दंडावरून काढून हातात घेतला. मग विचारलं, "काळे कपडे घातले?"

"हो."

"सगळे की नुसता दुपट्टा?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तर माझ्यावरच डाफरली, "इतक्या नसत्या चौकशा करतेस दिवसभर, हे विचारता आलं नाही?" आणि हार माझ्या टेबलावर टाकून निघून गेली.

आता तूच सांग, मी काय कळवू तिला?

इलेआना


ओकोताल, १९ मार्च

इलेआना,

सगळे. पायमोजेसुद्धा.

फोन आपटला त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आनंद झाला की राग आला, मला कळेना, आणि दोन्ही तुझ्या कानात ओतण्यापेक्षा परसात गेलेलं बरं. तुझा फोन येण्याआधीच मिस्सा होऊन गेला होता. पाद्रीबाबांना खरं सांगितलं, तर म्हणाले, जिवंत माणसाच्या नावानंही चालतो, फुकट जात नाही.

एक गोष्ट मला छळतेय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? ती गेली असं समजून मी जे दिवस काढले, त्यात मला राग सापडेना. खूप शोधला. तो ओटा, तो पसरलेला हात, सगळं डोळ्यांपुढं आणून बघितलं. नुसती ती दिसायची, कपाळावर पीठ लागलेली. आणि तुझा फोन आला, ती जिवंत झाली, त्याच मिनिटाला तिच्याबरोबर रागही उठून बसला. हे काय आहे? मेलेल्या आईची मी लेक आहे आणि जिवंत आईची नाही, असं कसं? तू कोडी सोडवतेस ना, हे सोडव.

आणि नीट सांग. तिनं 'काळे कपडे घातले?' कसं विचारलं? तुसड्यासारखं की कसं? केस पांढरे झाले का? पातेलं अजून स्वतः उचलते का? गुडघा दुखायचा तिचा डावा. मदतीला कोण आहे? उरलेले नाकातामाल तिनं काय केले?

बघ, माझाच नियम आणि मीच मोडतेय. हसू नकोस.

मार्लेने


मानाग्वा, २८ मार्च

प्रिय मार्लेने,

हसले नाही. पत्र छातीशी धरून बसले आणि साहेबांना सांगितलं की डोळ्यांत धूळ गेली. या दिवसांत मानाग्वात ते कुणालाही पटतं.

तुझे प्रश्न एकेक घेते. तुसडेपणानं नाही विचारलं. लहान मूल 'मला आणलं का' विचारतं ना, तसं. केस पांढरे, रंगवत नाही. पातेलं एकटीनं उचलत नाही, ओस्वाल्दो दुसरा कान धरतो. गुडघा तसाच, वर आता उजवाही. उरलेले नाकातामाल तिनं जे जे कॉफी घेऊन रडायला आले त्यांना वाटले, आणि म्हणाली, "माझ्या मयताचं मीच वाढते, म्हणजे कमीजास्त बोलणं नको." तुझ्या कोड्याचं उत्तर मला येत नाही. येत असतं तर मी इथं साचे करत बसले असते?

साचा दुरुस्त केला. आता प्रत्येक खुणेपुढं दोन पर्याय आहेत, 'पूर्वी' आणि 'अजून'. एक निवडल्याशिवाय पत्र छापलंच जात नाही. साहेबांनी हुकूम काढला, की जिवंत माणसाची खूण त्याला समोर बसवून, विचारून भरायची. यादीत अशी जिवंत खूण एकच. मावशी आली, चांगले कपडे घालून, पावडर लावून.

'जिथे अजून दोन्या एर्सिलिया' तिच्यासमोर भरलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग मला हौस. म्हटलं, आलीच आहेस तर पेशंट म्हणून तुझंही नाव घालू, गुडघे आहेत ना. आणि विचारलं, "मावशी, पत्ता?"

"मला काय पत्ता विचारतेस? पत्ता मीच आहे."

बरोबरच! पण साचा ऐकेना. तिच्या घरापासून तिचं घर शून्य चौक, आणि शून्य त्याला चालत नाही. मी म्हटलं, "लोकांचं राहू दे. तू स्वतः काय सांगतेस? केळीच्या पानवाल्याला, लाकूडवाल्याला?"

तिनं पर्स उघडली, बंद केली. म्हणाली, "जिथे मार्लेने, तिथे टाक म्हणते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. ती शाळेत जायला लागली तेव्हा सगळ्या वस्तीत तीच ओळखीची होती, मी कोण होते? अजून तेच तोंडात येतं. नवा पानवाला विचारतो, कोण मार्लेने? मी म्हणते, तुला काय करायचंय, पानं टाक आणि नीघ."

मग तिनं साहेबांच्या कॉफीला नावं ठेवली आणि दारापर्यंत गेली. तिथून न वळता म्हणाली, "तिला लिही, पायमोजे काढ म्हणावं. ओकोतालला थंडी असली तरी आता उन्हाळा आहे." मी तुझं पत्र तिला दाखवलं नव्हतं गं, आईला तेवढं बोलले होते. दोघी बहिणींच्या पोटात काही राहत नाही.

आता माझी अडचण बघ. मी रकान्यात 'मार्लेने' लिहिलं. सिस्टीमनं दोन पर्याय पुढं केले. 'पूर्वी' की 'अजून'? मावशी गेली होती. मी मागं धावू शकले असते, पण हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही. साचा माझा आहे, तरी हे मला भरता येत नाही. साहेब दोनदा विचारून गेले, हे एक पान का अडकलंय.

काय भरू? तू सांगशील ते.

इलेआना


ओकोतालच्या बसमधून, २ एप्रिल

इलेआना,

अक्षर वेडंवाकडं आहे, रस्ता तसा आहे. थैली माझ्या मांडीवर आहे. ड्रायव्हर ओळखीचा, म्हणाला, तुमच्याच ऑफिसची ना, मग तुम्हीच धरा. हे पत्र लिहून झालं की तिच्यातच घालीन आणि थैली तुझ्या हातात देईन. तुझ्या तोंडावर हे बोलता येणार नाही म्हणून लिहितेय. थैली देऊन मी थांबणार नाही. पत्र उघडायच्या आधी मला चार पावलं पुढं जाऊ दे.

राग गेलेला नाही. तो शेजारच्या सीटवर बसल्यासारखा माझ्याबरोबर येतोय, आणि मी त्याला उतर म्हटलेलं नाही. ती पुन्हा हात पुढं करेल का, मला ठाऊक नाही. केला तर मी काय करीन, तेही ठाऊक नाही. पण ती नाही असं समजून मी जे प्रश्न तुला विचारले, ते ती असताना तिला विचारायचे राहिले, तर त्याला माझ्याकडं काही उत्तर नाही. मला तिचा आवाज ऐकायचा आहे. पानवाल्यावर ओरडतानाचा असला तरी चालेल.

एवेनोर येतो म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या वेळी. 'पुढच्या वेळी' माझ्या तोंडून कसं निघालं, याचं आम्हां दोघांनाही नवल वाटलं. त्यानं माझी पिशवी बसमध्ये चढवली.

तो 'पूर्वी' की 'अजून'चा रकाना मी सांगून भरू नकोस. माझ्या आईला विचारूनही नको. संध्याकाळी काम आटोपलं की वस्तीत ये, लांबून बघ. मी ओट्यावर उभी असेन तर तशीच परत जा आणि आणखी एक दिवस थांब. पण मी आत असले, तर काय भरायचं ते तुला कळेल.

मार्लेने